ओवळीचा राखणदार

चारकोपला माणसांना जागा अपुरी पडते, देवांना कधी पडत नाही. एखादा देव वळणावर येऊन नुसता टेकला, की वर्षभरात त्याला छप्पर मिळतं, पुढच्या वर्षी वीज मिळते आणि थोड्याच दिवसांत त्याच्या भंडाऱ्याला पुढाऱ्यांचे बॅनर लागतात. माणसांना हेच मिळवायला अर्धं आयुष्य खर्चावं लागलं. सुगंधाला या दोन्ही गोष्टी चांगल्या ठाऊक होत्या, कारण माणसांचं तिनं भोगलं होतं आणि देवाचं तिनंच सुरू केलं होतं. हे दुसरं मात्र सेक्टरात कोणालाही माहीत नव्हतं. तिच्या मुलाला तर नाहीच नाही.

ती आणि गुणाजी लालबागची खोली सोडून इथं राहायला आले तेव्हा चारकोप म्हणजे नुसता खाडीचा वारा आणि चिखल. गिरणी बंद पडलेली, गुणाजीचं डोकं फिरलेलं. तो चार दिवस गावी जाऊन आला आणि येताना डालड्याच्या डब्यात ओवळीचं रोप घेऊन आला. इकडचे लोक तिला बकुळ म्हणतात, कोकणातले ओवळ. सोसायटीच्या कोपऱ्यावर ते रोप लावून तो बायकोला म्हणाला, "रोज गजरो आणून देऊक माका जमाचा नाय. ह्या घे. मोठा झाला की तूच वेच." एवढं बोलून तो दमला असावा, कारण पुढे उभ्या जन्मात त्यानं असलं काही तोंडातून काढलं नाही. पण झाड वाढलं. चैत्र लागला की पहाटे खाली फुलांचा सडा पडायचा आणि सुगंधा परकराच्या वयाची होऊन ती वेचायची. गुणाजी गेला त्या वर्षीसुद्धा तिनं फुलं वेचली. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. नवऱ्यानं दिलेला गजरा नवरा गेला म्हणून टाकून द्यायचा, हा कुठला न्याय?

मग एका उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं निघालं आणि ओवळीच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाची फुली आली. सेक्टर पेटून उठला. सह्या झाल्या, मुलांनी चित्रं काढली, बायकांनी हातात हात धरून झाडाभोवती साखळी केली. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यात झाड सोडून सगळे दिसत होते. वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सोमवारी करवतवाले येतील असं सांगितलं.

रविवारी सुगंधा मनोरीला गेली. चारकोपच्या बाजारात मासे विकणारी सगुणा कोळीण मनोरीची, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण. सुके बोंबील आणायचे हे निमित्त. झाड तुटायच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे बघत बसायला नको, हे खरं कारण. परतताना किनाऱ्यावर तिला एक दगड दिसला. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा. तिनं तो उचलून बोंबलांच्या पिशवीत टाकला.

"आता ह्यो कशाला गो?" सगुणानं विचारलं.

"राखणीक," सुगंधा म्हणाली.

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण विहीर, बांध, वाट, झाड, सगळ्यांवर त्याची नजर असते. सुगंधानं मनाची समजूत घातली, की आपण खोटं काही करत नाही. राखणदार आहेच, तो बसतो कुठे एवढंच लोकांना दाखवतो आहोत. बोंबलाचा वास जावा म्हणून दगड तिनं दोनदा साबणानं धुतला. सोमवारी पहाटे त्याला तेल-शेंदूर चोपडून ओवळीच्या बुंध्याशी टेकवला, दोन फुलं वाहिली आणि वर येऊन चहा टाकला.

करवतवाले आले. दगड बघून त्यांनी आधी चपला काढल्या. मुकादम म्हणाला, "पहले भगवान का बंदोबस्त करो, फिर बुलाना." रस्त्यानं ओवळीला वळसा घातला. सेक्टरानं आपल्या एकजुटीचा विजय झाला म्हणून पेढे वाटले, सुगंधानंही एक खाल्ला. दगड कुठून आला हे कोणी विचारलं नाही. राखणदार होताच, आता प्रगट झाला, असं जो तो म्हणाला.

इथवर झकास होतं. पण देवाला एकदा बसवलं की तो नुसता बसत नाही. आधी पणती आली, मग पत्र्याचं छप्पर, मग घंटा, मग दर वर्षीचा भंडारा आणि त्यासाठी मंडळ. मंडळाचा अध्यक्ष झाला सुगंधाचा मुलगा राजेश. तेव्हाही तिला हसूच आलं. बापानं लावलेलं झाड, आईनं आणलेला देव आणि लेक अध्यक्ष. सगळं घरातच राहिलं!

हसू आटलं ते प्रांजलला डेंग्यू झाला तेव्हा. प्रांजल राजेशची एकुलती एक. प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या आणि डॉक्टर नजर चुकवून बोलत होते. हॉस्पिटलात एकालाच थांबू देत, तिथं त्याची बायको होती. संध्याकाळी राजेश घरी आला, पण वर न येता सरळ ओवळीखाली जाऊन उभा राहिला. नुसता उभा. खिडकीतून ते बघून सुगंधा खाली उतरली आणि मुलाच्या बाजूला हात जोडून उभी राहिली. 'पोरीक सोड रे बाबा. व्हया तर माका ने,' ती मनातल्या मनात म्हणाली. हा दगड आपणच पिशवीतून आणलाय, हे तिला त्या घटकेला आठवलंसुद्धा नाही.

प्रांजल बरी झाली. राजेश इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुपरवायझर, हाताखाली माणसं होती, पण नवस त्यानं स्वतःच्या हातांनी फेडला. ओवळीभोवती सिमेंटचा भक्कम कट्टा बांधला आणि वर लाल-पांढऱ्या टाइल्स बसवल्या, थेट बुंध्याला भिडवून, चिखल देवाच्या पायाशी येऊ नये म्हणून. एकेक टाइल तो हात फिरवून बघायचा. सुगंधा त्याला खाली चहा नेऊन द्यायची. झाडाचीही नाकं खाली मातीत असतात, हे बिचारीला कोण सांगणार?

या वर्षी चैत्र आला, पण ओवळ धड फुलली नाही. शेंडा वाळला. पानं पिवळी पडून गळायला लागली. सुगंधा पहाटे खाली उतरायची आणि ओंजळही न भरता वर यायची.

शेजारच्या सोसायटीत हेमांगी म्हणून मुलगी आहे. शाळेत विज्ञान शिकवते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. तिनं सेक्टरातली मंडळी गोळा करून मोहीम काढली होती, 'मुळं मोकळी करा'. दर रविवारी सगळे पहार-छिन्नी घेऊन निघायचे. रस्त्याकडेच्या झाडांच्या गळ्याशी आलेलं काँक्रीट रीतसर परवानगी काढून फोडलं, माती भुसभुशीत केली, आळी केली. मरायला टेकलेलं एक कडुलिंब पुन्हा पालवलं तेव्हा लोकांना पटलं. राहिली ती फक्त ओवळ. वॉर्ड ऑफिसनं सांगितलं, धार्मिक बाब आहे, तुमचं तुम्ही बघा.

म्हणून सोसायटीच्या ऑफिसात सभा बसली.

"ही माती झाकली गेलीय. पाणी जात नाही, हवा जात नाही," हेमांगी म्हणाली. "झाड तहानेनं मरतंय. पावसाच्या आत कट्टा फुटला तर वाचेल. नाहीतर पुढच्या वर्षी लाकूड उचलायला यावं लागेल."

"झाडं वाचवू नका असं मी कधी म्हटलं?" राजेश म्हणाला. "रस्त्यावरच्या झाडांसाठी पहिली सही माझी होती. पण हा देव आहे."

"देवाला कोण हात लावतंय, दादा? कट्ट्याला लावतोय."

"तो कट्टा माझ्या मुलीचा नवस आहे!"

त्याचा आवाज फाटला. हेमांगीनं सुगंधाकडे बघितलं. "काकू, झाड काकांनी लावलेलं ना? तुम्ही तरी सांगा."

सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सांगायचं ते एका वाक्याचं होतं. पण ते वाक्य बोललं की काय होईल? त्या संध्याकाळी ज्याच्या आधारानं पोरगा उभा होता, तोच आधार आईनं काढून घेतल्यासारखं होईल. आणि नाही बोललं, तर गुणाजीची ओवळ डोळ्यांदेखत जाईल.

शेवटी तोंड उघडलं जयवंतकाकांनी. गिरणीतले गुणाजीचे जोडीदार, आणि सेक्टरात काही शुभ असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. "भांडतास कित्याक? ज्येचा घर, तेका इचारा," ते म्हणाले. "कौल लावूया."

कौल म्हणजे देवाचा होकार-नकार. मूर्ती पाण्यानं ओली करायची, तिच्या दोन खांद्यांना दोन फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गावाकडे यावर सोयरिकी जुळतात आणि भाऊबंदक्या मिटतात. राजेशनं लगेच मान डोलावली. विज्ञानाच्या बाईही म्हणाल्या, "चालेल. कोर्टापेक्षा तरी लवकर निकाल लागेल."

पण विचारणार कोणाला, हे त्या सभेत एकट्या सुगंधालाच ठाऊक होतं ना.

दुसऱ्या दिवशी बाजारात सगुणानं बांगडे साफ करता करता सगळं ऐकून घेतलं. "तुला दगराची भीती हाय का पोराची?" तिनं विचारलं.

"पोराची गं. त्याचं तोंड मला बघवायचं नाही."

"मंग नको सांगू," सगुणा म्हणाली. "झार मरल, पोराला काय बी कलनार नाय, आन तू रोज उठून सुक्या झाराखाली हात जोर." आणि बांगडे पिशवीत टाकून तिनं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. सगुणाचं प्रेम हे असंच, तोंडावर पाणी मारल्यासारखं.

रविवारी सकाळी ओवळीखाली सगळा सेक्टर लोटला. हेमांगीची मंडळी पहारी घेऊन लांब उभी होती. राजेश आंघोळ करून, कपाळाला गंध लावून देवाजवळ बसला होता. सुगंधा त्याच्या मागे. झाडावरची म्हणून जेमतेम मिळालेली दोन फुलं जयवंतकाकांनी देवाच्या उजव्या-डाव्या ओल्या अंगाला लावली आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली. गाऱ्हाण्याची रीतच अशी. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. तुझो कट्टो फोडूचो असा म्हणतत. तुझी परवानगी असात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावं फूल जरासं सरकलं, शेंदरावरून ओघळलं आणि टाइलवर पडलं.

"देव नाय म्हणता," जयवंतकाका हळूच म्हणाले.

राजेशनं डोळे मिटून घेतले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. सुटलेल्या माणसाचा होता. हेमांगीनं तोंड फिरवलं. लोक चपला शोधायला लागले. सुगंधानं वर बघितलं. वाळक्या फांद्यांमधून नुसतं ऊन खाली येत होतं, पूर्वी तिथून आभाळ दिसायचं नाही. आता गप्प बसलो तर आपणच हे झाड मारलं, हे तिला लख्ख कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "जयवंतभाऊ, सवालच चुकलो तुमचो. तुझा घर मोडूया काय म्हणान इचारलास तर व्हय कोण म्हणात? आपल्या दारात बिल्डर येता तेव्हा आपण म्हणतव काय?"

दोघंचौघं हसले. पण सुगंधा हसत नव्हती. ती पदर खोचून देवापुढे बसली होती. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नाही. जयवंतकाका तेच सांगायला पुढे झाले, आणि तिचा चेहरा बघून मागे सरले.

"राखणदारा, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "तुका हय कोणी आणल्यान? मीया आणलंय. मनोरीच्या दर्यावरसून, बोंबलाच्या पिशवीतसून. साबणान धुवन शेंदूर लावलंय तो मीया. तुका एकच काम दिल्लंय, ह्या झाड राख. आणि तू काय केलंस? छप्पर घेतलंस, घंटा घेतलंस, टाइली घेतलंस. झाड तुझ्या पाठीमागे उभ्यान मरता हा, एकदा तरी वळान बघलंस? माझ्या घोवान माका दिल्लेला झाड ता. ज्येची राखण करूची, तेच्याच उरार बसतंस? लाज नाय वाटणा तुका, रे म्हाराजा?"

कोणीही होकार भरला नाही. गाऱ्हाणं अडलं. घंटेला बांधलेली दोरी वाऱ्यानं हलत होती, तेवढीच.

"आई," राजेश म्हणाला. "तू आणलास?"

"हो."

"खरंच?"

"झाड कापायला येणार होते रे. दुसरं काही सुचलं नाही मला. नुसता दगड होता."

राजेशच्या तोंडावरचा रंगच गेला. इतक्या लोकांत, पण तो लहानपणी शाळेच्या फाटकाशी विचारायचा तशा बारीक आवाजात त्यानं विचारलं, "मग प्रांजलच्या वेळी मी कोणासमोर उभा होतो?"

याच प्रश्नाला ती भीत होती. आता तो आला तेव्हा तिला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. तिनं त्याचा हात धरला.

"मला नाही ठाऊक, राजू. खरंच नाही ठाऊक. पण मी होते ना तुझ्या बाजूला? मी काय खोटे हात जोडले होते? ज्याला मी पिशवीतून आणला, त्याच्याचकडे नातीचा जीव मागितला, आणि पोरगी घरी आली. मी ठेवला तेव्हा दगडच होता. त्याला देव तू केलास. म्हणून तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड. चार दिवस माझ्या हातचं जेवू नकोस. पण त्याला सांग रे, थोडा सरकून बस म्हणून."

राजेशनं स्वतः बसवलेल्या टाइल्सकडे बघितलं, त्या बुंध्याला जिथं भिडल्या होत्या तिथं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत. आईच्या शेजारी मांडी घालून, देवाकडे तोंड करून तो म्हणाला,

"व्हय म्हाराजा."

आधी त्याचा एकट्याचाच आवाज. मग जयवंतकाकांचा. मग सगळ्या सेक्टरानं होकार भरला, आणि त्यात हेमांगीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"परत कौल लावूचो काय?" जयवंतकाकांनी विचारलं. रीत ती रीत.

"नको काका," राजेश म्हणाला. "आईनं आणलाय, म्हणजे माझा धाकटा भाऊच झाला. त्याला मी बघतो."

लोक हसले, आणि हसता हसता बऱ्याच जणींनी डोळ्यांना पदर लावला. राजेशनं दोन्ही हातांनी देव उचलला. कुठे ठेवावा म्हणून त्यानं आजूबाजूला बघितलं, आणि मग आईच्या मांडीवर ठेवला. "नीट धर," तो म्हणाला. सुगंधानं पदर पसरून त्याला ऊन लागू नये असा झाकून घेतला.

हेमांगीनं पुढे केलेली छिन्नी राजेशनं घेतली. बुंध्याजवळच्या टाइलवर टेकवली, हातोडा उचलला आणि तसाच थांबला. वळून त्यानं आईच्या मांडीवरच्या पदराकडे बघितलं.

"आवाज होईल हां," तो म्हणाला. "घाबरू नकोस."

हे आपल्याला म्हणाला की त्याला, हे सुगंधानं काही विचारलं नाही. तिनं पदराखालच्या दगडावर हात ठेवला आणि मान डोलावली.